दहा चाकी ट्रकला २९५/८० च्या जागी ३१५/८० टायर टाकले तर ओढ आणि ॲव्हरेजमध्ये काय फरक पडेल?

दहाचाकी

नमस्कार मंडळी, टायर बदलायची वेळ आलीय आणि डोक्यात गोंधळ झालाय म्हणून विचारतोय. गाडी दहा चाकी आहे, पुढे दोन आणि मागे दोन एक्सलवर आठ, मागच्यातल्या एकालाच क्राउन (चाकं फिरवणारा मोठा गिअर) आहे, दुसरा डमी, म्हणजे नुसता भार घेणारा. इंजिन १८० एचपी, मालासकट पंचवीस टन भरते. क्राउनला ३७ दात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला ९, म्हणजे ४.११ चा रेशो. सध्या २९५/८० आर २२.५ टायर आहेत, कंपनीनं दिले तेच माप.

आता ओळखीतले दोघं-तिघं सांगतायत की ३१५/८० टाक, टायरचा घेर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, इंजिन कमी फिरतं आणि डिझेल वाचतं. ऐकायला पटतं. पण माझा अर्धा रस्ता सपाट आणि अर्धा चढाचा आहे, आणि चढावर गाडी आत्ताच जेमतेम ओढते, टॉपमधून एक गिअर तर हमखास खाली घ्यावा लागतो. ओढ अजून कमी झाली तर मग वाचवलेलं डिझेल तिथंच जाणार ना? कुणी प्रत्यक्ष करून बघितलंय का, आणि हिशेब कसा करायचा ते सांगा. दहा टायर एकदम घ्यायचेत, चुकलं तर परत फिरता येणार नाही.

पानापकड

दादा, आधी माप काढू म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचा इंच. तुमचा २९५ चा ८० टक्के म्हणजे २३६ मिमी, वर एक आणि खाली एक मिळून ४७२, आणि २२.५ इंच रिम म्हणजे ५७१.५ मिमी. बेरीज १०४३.५ मिमी, हा झाला उभा व्यास. ३१५/८० चा तसाच काढला तर १०७५.५ येतो. फरक ३२ मिमी, म्हणजे साधारण ३ टक्के.

लोडखाली टायर थोडा दबतो म्हणून रेडियलचा एका फेऱ्यातला पल्ला काढताना ३.१४ च्या जागी ३.०५ नं गुणायचं. तुमचा येतो ३.१८ मीटर आणि ३१५ चा ३.२८. ताशी ६० म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर, तर तुमचं चाक मिनिटाला ३१४ फेरे मारतं, त्याला ४.११ नं गुणलं की टॉप गिअरला, म्हणजे टॉप डायरेक्ट १ ला १ असेल तर, इंजिन १२९० च्या आसपास. ३१५ टाकल्यावर तेच १२५० च्या थोडं वर. चाळीससुद्धा आरपीएम खाली येत नाहीत हो! यासाठी दहा टायरचं माप बदलायचं का हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या हाउसिंगला, म्हणजे क्राउन असतो त्या एक्सलच्या पेटीला, ३.७० चा क्राउन बसत असेल तर तो १० टक्के फरक देतो, टायर फक्त ३ देतो.

आता ओढीचं. चाकावर येणारा जोर म्हणजे इंजिनचा टॉर्क गुणिले गिअर गुणिले क्राउन, भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या ३ टक्के वाढली की जोर तेवढाच कमी. म्हणजे तुमचा ४.११ चा क्राउन ३.९९ असल्यासारखा वागणार. उभ्या चढावर भरलेली गाडी थांबून उचलायची वेळ येते तेव्हा हे सगळ्यात जास्त जाणवतं, कारण पहिल्याच्या खाली गिअरच नसतो आणि क्लच जळतो. आणि उतरताना इंजिनची पकडही तेवढीच कमी होते, ब्रेकचीसुद्धा, कारण ड्रम तोच आणि चाक मोठं. याबद्दल फार कमी लोक बोलतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

पण एक गैरसमज काढून टाका. लांब चढावर तुमची गाडी किती स्पीडनं चढेल हे टायर ठरवत नाही, एचपी ठरवतो. २५ टन वजन, ५ टक्के चढ, म्हणजे निव्वळ वजन वर उचलायलाच साडेबाराशे किलोचा जोर सतत लागतो, वर टायरचा विरोध दीडशे किलो. १८० एचपी मध्ये गिअरबॉक्स-हाउसिंगचं नुकसान वजा केलं की गाडी तिथं ताशी तीसच्या आसपासच चालणार, टायर कुठलाही घाला. टायर फक्त एवढंच ठरवतो की त्या तीसच्या स्पीडला तुमचा कुठला गिअर इंजिनच्या जोराच्या पट्ट्यात बसतोय आणि कुठला मध्येच लोंबकळतोय.

चढउतार

मी केलंय हे सगळं त्यामुळे अनुभवाचं सांगतो. माझीही दहा चाकीच, २९५/८० होते आणि ते चांगले झिजले होते, मी सरळ ३१५/८० चढवले. पहिल्याच महिन्यात ॲव्हरेज काढलं तर ४.१ वरून ३.८८ वर आलेलं. अक्षरशः दोन रात्री झोप लागली नाही, एवढा खर्च केला आणि उलटंच झालं म्हणून. मेकॅनिकनं नोझल बघितले, फिल्टर बदलले, टर्बोच्या पायपा तपासल्या, काहीच सापडलं नाही.

मग एका ड्रायव्हरनं सांगितलं की आधी मीटर खरं बोलतंय का ते बघ. फोनवर जीपीएस लावून सपाट रस्त्यावर बरोबर पन्नास किलोमीटर गेलो तर मीटरवर साडेअठ्ठेचाळीस! म्हणजे मोठ्या चाकाला मीटर कमी किलोमीटर मोजत होतं. आणि आधी झिजलेले टायर होते तेव्हा उलट, पन्नासला एक्कावन्नच्या वर दाखवत असणार. हिशेब मांडला तर खरं ॲव्हरेज आधीही ४ आणि नंतरही ४. नुकसानही नाही आणि फायदाही नाही. त्यामुळे कुणी म्हणत असेल की टायर बदलला आणि ॲव्हरेज एवढं वाढलं किंवा पडलं, तर त्याला पहिलं विचारा की किलोमीटर कशानं मोजले. मीटर तुम्ही ८० दाखवताना गाडी खरी साडेब्याऐंशीनं पळत असते, तेव्हा स्पीड लिमिटर असेल तर त्याचाही आकडा सर्व्हिसमध्ये बदलून घ्यावा लागतो, मी तो नंतर घेतला.

चढाबद्दल सांगायचं तर माझ्या गाडीत आरपीएम मीटरवरचा हिरवा पट्टा, म्हणजे इंजिन नीट ओढतं तो भाग, १२०० ला सुरू होतो. आधी टॉपमध्ये स्पीड छप्पन्नवर उतरेपर्यंत गाडी पट्ट्यात राहायची, आता साडेसत्तावन्नलाच बाहेर पडते. ऐकायला दीड किलोमीटर वाटतो पण बारीक बारीक चढ असलेल्या रस्त्यावर तोच दीड किलोमीटर नडतो, कारण आधी जिथं टॉपमध्येच रेटून निघून जायची तिथं आता गिअर खाली घ्यावा लागतो आणि एक गिअर खाली म्हणजे माझ्या बॉक्सला चारशेच्या वर आरपीएम वाढतात. सपाटीवर चाळीस वाचवायचे आणि चढावर चारशे घालवायचे असा तो व्यवहार झाला. आणि गिअर न घेता तसंच दाबून ओढलं तर इंजिन कण्हतं, धूर काढतं, तेही बरं नाही. सपाटीवर रिकामी किंवा हलका माल घेऊन पळणारी गाडी असेल तर मोठा टायर चालेल, पण तुमचा रस्ता ऐकून मी तरी नको म्हणेन.

दहाचाकी

दोघांचेही मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी समोर बसूनही सांगत नाही. मीटरचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच नव्हता. मग आता उलटा प्रश्न, लहान टायर टाकला तर? ३१५/७० बद्दल ऐकलंय, व्यास १०१२.५ येतो म्हणजे आत्ताच्यापेक्षा ३ टक्के कमी, चढावर ओढ वाढेल असं धरायचं का? आणि सपाटीवर किती मार बसेल?

नक्षीगेज

टायरच्या कामातच आहे त्यामुळे थोडं लांबण लागेल, वाचा.

३१५/७० नं ओढ ३ टक्के वाढेल, ६० ला इंजिन १३३० च्या आसपास फिरेल. वाईट काही नाही त्यात. लोडलाही बरा, २९५/८० वर साधारणपणे १५२/१४८ लिहिलेलं असतं, म्हणजे सिंगल चाकाला ३५५० किलो आणि जोडटायरमध्ये प्रत्येकी ३१५०, आणि ३१५/७० मध्ये १५४/१५० वाला मिळतो म्हणजे ३७५० आणि ३३५०. म्हणून एक्सलवर जास्त भरता येईल असं मात्र समजू नका, एक्सलची मर्यादा चेसिसच्या प्लेटवर असते आणि ती टायर बदलून बदलत नाही.

पण ३१५ चं कुठलंही माप घ्यायच्या आधी खाली वाकून रिम बघा. रिमवर रुंदी कोरलेली असते, ८.२५ किंवा ९.००. २९५/८० दोन्हीवर बसतो, ३१५ ला किमान ९.०० लागते. ८.२५ वर ३१५ कुणी चढवून दिला तर तो चढेलही, पण बीड, म्हणजे रिमला धरणारी टायरची कड, आत आवळली जाते, मधला भाग फुगतो, मधली नक्षी आधी संपते आणि दोन टायरमधली फट कमी होते. जोडटायरमध्ये ही फट फार महत्त्वाची, लोडखाली टायर जमिनीजवळ बाहेर फुगतात तेव्हा दोघं एकमेकांना घासता कामा नयेत. घासले की तापतात, आणि मध्ये दगड अडकला तर दोन्हींची साइड जाते. ३१५/८० घेतला असता तर वर मडगार्ड आणि पुढे स्टेअरिंग पूर्ण वळवून लोडवर दबलेल्या अवस्थेत घासतंय का तेही बघावं लागलं असतं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुम्ही ३ टक्क्यांवर डोकं खर्च करताय, पण तुमच्या टायरची नक्षी १६ मिमीची असेल आणि ती ३ वर येईपर्यंत झिजली तर व्यास २६ मिमीनं कमी होतो. म्हणजे तुम्ही ज्या ३२ मिमीच्या फरकाबद्दल विचारताय, जवळजवळ तेवढा फरक एकाच मापाच्या नव्या आणि गुळगुळीत टायरमध्ये असतो, आणि तो तुम्ही दर वेळी नकळत सोसत आलाय.

डिझेल जातं ते टायर वाकण्यात. प्रत्येक फेऱ्यात रबर दबतं, वाकतं, परत सरळ होतं आणि त्यात तापतं, ती उष्णता म्हणजे तुमचं डिझेल. चांगल्या कमी विरोधाच्या टायरला टनामागे ५ किलो जोर लागतो फिरवायला, जाड लग नक्षीच्या (खोल आडव्या खाचांच्या) किंवा स्वस्त रबराच्या टायरला ७ किंवा त्याहून जास्त. तुमच्या २५ टनाला हिशेब करा, एकाला १२५ किलो आणि दुसऱ्याला १७५. हा ५० किलोचा फरक शंभर किलोमीटर ओढत न्यायला साधारण साडेतीन लिटर डिझेल लागतं. माप तेच, २९५/८०, फक्त नक्षी आणि रबर वेगळं! मोठ्या टायरनं चाळीस आरपीएम कमी होऊन एवढं डिझेल वाचणं शक्यच नाही. मोठा घेर असला की टायर थोडा कमी वाकतो हे खरं आहे, पण ३ टक्के घेरानं पडणारा फरक नक्षीच्या फरकात कुठल्या कुठं हरवून जातो.

त्यामुळे पुढे आणि डमीला रिब नक्षीचा टायर घ्या, सरळ पट्ट्यांचा. लग किंवा ब्लॉक (तुकड्या-तुकड्यांच्या नक्षीचा) फक्त क्राउनच्या चार चाकांना, आणि तोही रस्ता चिखलाचा, खाणीचा किंवा साइटचा असेल तरच. पक्क्या डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला दहाही लग टायर बघितले की मला फार वाईट वाटतं, कारण मालकाला कुणी सांगितलेलंच नसतं.

जोडटायरचं एक अजून. जोडीतल्या दोन टायरच्या व्यासात या मापाला अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे साधारण १२ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. एक नवा आणि शेजारी जुना लावला की दोघांनाही एकाच स्पीडनं फिरावं लागतं, मोठा सगळा भार घेतो आणि लहान रस्त्यावर खरडत जातो. तो खरडणारा टायरसुद्धा डिझेलच खातो.

आणि हवा. दहाही टायरमध्ये १० पीएसआय कमी असली तर डिझेल साधारण एक टक्का जास्त जातं, शिवाय टायर खांद्यावर झिजतो. हवा कायम गाडी थंड असताना बघायची. चालून तापल्यावर ती १०-१५ पीएसआयनं वर दिसते, ती जास्त आहे म्हणून काढून टाकू नका, थंड झाल्यावर कमी पडेल. आणि आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून कुणी बघत नाही, तुम्ही बघा.

पानापकड

नक्षीगेज यांनी लिहिलेलं पटलं. मी एक जोडतो, आत्ताचा खरा पल्ला स्वतः मोजा, कागदावरच्या मापावर जाऊ नका. गाडी नेहमीच्या लोडसकट सपाट जागी उभी करा, क्राउनच्या बाहेरच्या टायरवर जमिनीला टेकतो तिथं खडूनं रेघ मारा आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवरही. मग गाडी अगदी हळू सरळ पुढे घेऊन पाच फेरे पूर्ण करा, रेघ पाचव्यांदा खाली आली की तिथं खूण, आणि टेपनं अंतर मोजून पाचनं भागा. एकट्यानं होत नाही, एक माणूस चाकाशेजारी चालत फेरे मोजायला लागतो.

दहाचाकी

आज सकाळी गाडी भरलेली होती, निघायच्या आधी सगळं केलं.

पाच फेऱ्यांचे १५.६७ मीटर भरले. म्हणजे एका फेऱ्याला ३.१३, नव्याचा ३.१८ होता. नक्षी मोजली तर १६ ची ८ राहिलीय, तेव्हा हिशेब अगदी जुळला. म्हणजे मी आत्ताच दीड टक्का लहान टायरवर चालतोय आणि मीटर मला तेवढं जास्त अंतर दाखवतंय. नवीन २९५/८० टाकले तरी चढावर ओढ किंचित कमी झाल्यासारखी जाणवणार आणि मीटरवरचं ॲव्हरेज पडल्यासारखं दिसणार, हे आता आधीच माहीत झालं ते बरं झालं, नाहीतर चढउतारभाऊंसारखा मीही नोझल खोलत बसलो असतो.

रिम दहाही ८.२५ च्याच निघाल्या. तेव्हा ३१५ चा विषय इथंच संपला, ८० पण नाही आणि ७० पण नाही. २९५/८० च घेतोय, पुढे आणि डमीला रिब, क्राउनला ब्लॉक, कारण महिन्यातून चार-पाच फेऱ्या तरी कच्च्या रस्त्याच्या असतात.

हवा थंडच होती तेव्हा बघितली. नऊ टायरमध्ये ११२ ते ११६, आणि क्राउनच्या डाव्या बाजूचा आतला टायर ८२! बाहेरून काहीच कळत नव्हतं, शेजारच्यानं भार धरून ठेवलेला. किती दिवस असा चाललाय देव जाणे. आता हवा भरून निघू का? माल आज पोचवायचाय.

नक्षीगेज

थांबा, तशीच हवा भरू नका. ११५ च्या जागी ८२ म्हणजे तीस टक्के कमी. वीस टक्क्यांपेक्षा कमी हवेवर भरलेला चाललेला टायर हा पंक्चर अवस्थेत चालला असंच धरतात. साइडच्या आतल्या तारा वाकून वाकून तुटलेल्या असू शकतात आणि बाहेरून टायर धडधाकट दिसतो. त्यात पूर्ण हवा भरली की भरतानाच साइड चेनसारखी उसवून फुटते, आणि समोर उभा असलेला माणूस जागेवर जातो. उरलेली हवा काढा, खोलून रिमवरून उतरवा, आत बॅटरी मारून बघा. सुरकुत्या, रंग बदललेला किंवा रबराची पूड दिसली तर टायर बाद. चांगला निघाला तरी हवा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरा, लांब पाइप लावून, बाजूला उभं राहून. तोवर स्टेपनी लावा, पण तिचा व्यास जोडीतल्या टायरशी जुळतोय का ते टेपनं बघून मगच.

दहाचाकी

उतरवला. आत मूठभर काळी पूड निघाली आणि साइडला गोल फिरून सुरकुती पडलेली, बोट लावलं तर तिथं रबर मऊ लागतंय. व्हॉल्व्हची टोपी नव्हती आणि तोंडाशी माती बसलेली. स्टेपनी अर्धी झिजलेलीच होती, व्यास बाहेरच्या टायरपेक्षा ४ मिमीनं कमी भरला, तीच लावली आणि निघालो. उरलेल्या नऊच्या नऊ व्हॉल्व्हना टोप्या लावून घेतल्यात.